स्पर्धा, चढाओढ, चुरस, ईर्षा: प्रतिस्पर्ध्याशी झगडण्याच्या शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मुद्रितशोधनाचे काम करताना कार्यक्रमपत्रिका, शाळांच्या सूचना, मंडळांचे फलक आणि निवडणुकीची पत्रके नजरेखालून जातात. त्यांतील निम्म्याहून अधिक मजकुरात कोणीतरी कोणाशीतरी झगडत असतो आणि शब्द मात्र बहुधा एकच असतो, तो म्हणजे ‘स्पर्धा’. त्यावरून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

‘स्पर्धा’ हा शब्द सगळीकडे चालतो, मग इतके निरनिराळे शब्द कशाला हवेत?

चालतो हे खरे आहे, परंतु त्यामुळे प्रतिस्पर्धी कोठे उभा आहे हे वाचकाला कळत नाही. शर्यतीत तो शेजारी असतो आणि दोघांचेही तोंड एकाच दिशेला असते. सामन्यात, झुंजीत आणि टकरीत तो समोर असतो. चढाओढीत तो आपल्यापेक्षा एक पायरी वर असतो, आणि आपण वर जाताच तो आणखी एक पायरी चढतो. कुरघोडीत तर पुढे जाण्याचा प्रश्नच नसतो, कारण तेथे दुसऱ्याला खाली ठेवले की काम भागते. शब्द निवडण्यापूर्वी ही जागा पाहावी. एवढे केले की बहुतेक वेळा योग्य शब्द आपोआप सुचतो.

‘कोणाशी स्पर्धा’ म्हणावे की ‘कोणाविरुद्ध स्पर्धा’?

‘कोणाशी’ म्हणावे. ‘विरुद्ध’ हा प्रयोग इंग्रजी बातम्यांच्या भाषांतरातून आलेला आहे आणि मराठी कानाला तो खटकतो. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘भू’ आणि ‘एध’ यांच्यानंतर तिसराच धातू ‘स्पर्ध’ हा येतो आणि त्याचा अर्थ ‘संघर्ष’ असा दिलेला आहे. पुढच्या काळातील व्याकरणकार भट्टोजी दीक्षितांनी या संघर्षाचा खुलासा ‘पराभिभवेच्छा’, म्हणजे दुसऱ्याला नमवण्याची इच्छा, असा केला आहे. हा ‘दुसरा’ धातूच्या अर्थातच सामावलेला असल्यामुळे धातू अकर्मक ठरतो, असेही त्यांनी तेथेच सांगितले आहे. प्रतिस्पर्धी शब्दाच्या पोटातच बसलेला असताना त्याला ‘विरुद्ध’ म्हणून पुन्हा बाहेर उभे करण्याचे कारण नाही. ‘-शी’ हा साधा प्रत्यय पुरतो.

इतर शब्दांचे प्रत्यय मात्र वेगवेगळे आहेत आणि चुका तेथेच होतात. टक्कर कोणा‘ला’ द्यावी लागते, मात कोणा‘वर’ करावी लागते, बरोबरी कोणा‘ची’ किंवा कोणा‘शी’ करता येते, आणि झुंज ‘-ला’ दिली काय किंवा ‘-शी’ केली काय, दोन्ही शुद्धच आहे.

‘चढाओढ’ आणि ‘चुरस’ यांत फरक काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. त्याचे उत्तर पुस्तकापेक्षा कांद्याच्या लिलावात लवकर सापडते. सोलापूरच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गोण्यांच्या रांगा लागतात. अडत्या एका ढिगाजवळ उभा राहतो, एखादी गोणी फोडून माल दाखवला जातो, व्यापारी कांदा हातात घेऊन त्याची पत्ती चोळून पाहतात आणि बोली सुरू होते. समजा एकाने क्विंटलला बाराशे म्हटले. दुसरा साडेबाराशे म्हणतो, पहिला तेराशेवर जातो, तिसरा मान हलवून बाजूला होतो. दर चढतो आहे आणि माल दोघे आपापल्या बाजूला ओढत आहेत, ही चढाओढ झाली. शब्दातील ‘चढा’ आणि ‘ओढ’ हे दोन्ही भाग तेथे डोळ्यांना दिसतात.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी अनेक बाजारांत हत्ता पद्धतीने, म्हणजे रुमालाखाली बोटे दाबून, सौदा होत असे. दुसऱ्याने काय दर दिला हे शेजारच्याला कळत नसे, त्यामुळे खरेदीदार दहा असले तरी तेथे चढाओढ होत नसे. चढाओढीला दुसऱ्याची बोली कानावर पडावी लागते, आणि शेतकऱ्याचा फायदा उघड लिलावात का आहे, याचेही उत्तर यातच आहे.

‘चुरस’ मात्र बघणाऱ्याला जाणवते. निकाल कोणीकडे झुकेल हे शेवटपर्यंत सांगता येत नसेल, तर चुरस आहे. म्हणून पन्नास विरुद्ध दहा गुणांनी संपलेल्या कबड्डीच्या सामन्याला ‘चुरशीचा सामना’ म्हणणे म्हणजे हरलेल्या संघाची समजूत काढण्यासारखे आहे. लेखनाच्या दृष्टीने एवढे ध्यानात ठेवावे की मूळ शब्दात ‘स’ आहे, पण प्रत्यय लागताना त्याचा ‘श’ होतो. म्हैस–म्हशी, तसे चुरस–चुरशी. ‘चुरसीची लढत’ हे चूक आहे.

‘अहमहमिका’ चे शुद्ध रूप कोणते, आणि हा शब्द नेमका कोठे वापरावा?

शुद्ध रूप ‘अहमहमिका’ हेच आहे. पत्रकांत ‘अहमिका’ आणि ‘अहंअहमिका’ ही दोन्ही रूपे आढळतात आणि दोन्ही अशुद्ध आहेत. ‘अहम् अहम्’, म्हणजे ‘मी, मी’, या द्विरुक्तीवरून शब्द बनलेला असल्यामुळे त्यातील एक ‘अहम्’ गाळला की शब्दाचा प्राणच जातो. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, परस्परांविषयीच्या अहंकाराला अहमहमिका म्हटले आहे, आणि तिच्या जवळच ‘अहंपूर्विका’, म्हणजे ‘मी आधी, मी आधी’, हा शब्दही दिला आहे. सकाळी शहर बसच्या दारात जे चालते त्याला खरे तर अहंपूर्विकाच म्हटले पाहिजे, पण तो शब्द मराठीत रुळला नाही.

वापराच्या दृष्टीने पाहता, अहमहमिकेत मिळवायची वस्तू दुय्यम असते आणि आपण दिसणे महत्त्वाचे असते. मंत्र्यांच्या सत्कारासाठी हार घेऊन पुढे सरसावणाऱ्यांची अहमहमिका लागते. रक्तदानासाठी रांग लागली असेल, तर तेथे हा शब्द वापरू नये, कारण त्यात थोडा उपहास असतोच. हिंदीतील ‘हम’ आणि ‘तुम’ यांवरून आलेली ‘हमरीतुमरी’ ही तिची रांगडी बहीण आहे. अहमहमिकेत प्रत्येक जण फक्त स्वतःचे नाव घेतो, तर हमरीतुमरीत समोरच्याचेही घेतो, आणि बहुधा ते चांगल्या अर्थाने नसते.

‘शर्यत’, ‘पैज’ आणि ‘होड’ एकच आहेत काय?

मुळाशी तिन्ही शब्द जवळचे आहेत. ‘शर्यत’ अरबी ‘शर्त’ वरून आली आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ अट किंवा बोली असा आहे. दोघांनी काही अट ठरवून धावायचे, अशा प्रसंगावरून तो शब्द धावण्यालाच चिकटला आणि अट मागे पडली. हिंदीत मात्र ‘शर्त’ अजूनही अट आणि पैज या दोन्ही अर्थांनी वापरतात. ‘पैज’ ही संस्कृत ‘प्रतिज्ञा’ ची प्राकृतातून घासून आलेली लेक आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी बोल ‘अमृतातेंही पैजा जिंके’ असे म्हटले आहे, म्हणजे हा शब्द सातशे वर्षांहून अधिक काळ आपल्या तोंडात आहे. ‘होड’ पैजेच्याच अर्थाची आहे, पण आता ती बहुधा ‘होड लागली’ एवढ्याच प्रयोगात उरली आहे.

बैलगाड्यांच्या बाबतीत ‘शर्यत’ हाच शब्द योग्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने बंद पडलेल्या या शर्यतींना डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. शब्दाच्या दृष्टीने यात एक गंमत आहे, ती अशी की जुन्या ‘शर्त’ मधील अट या निमित्ताने शर्यतीत पुन्हा येऊन बसली.

निवडणुकीच्या बातम्यांत कुस्तीचे शब्द इतके का येतात, आणि ते बरोबर वापरले जातात काय?

आपल्याकडे ऊस, सहकार आणि तालीम एकाच गावात नांदतात, त्यामुळे साखर कारखान्याच्या निवडणुकीची भाषा आखाड्यातून येणे स्वाभाविक आहे. चुका मात्र होतात, कारण लिहिणाऱ्याने मैदान पाहिलेले नसते.

‘शड्डू ठोकणे’ म्हणजे मल्लाने मांडीवर किंवा दुमडलेल्या हातावर पंजाचा थाप मारून मोठा आवाज काढणे. ते आव्हान असते, लढत नसते, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी शड्डू ठोकता येतो, मतदानाच्या दिवशी ठोकून उपयोग नाही. ‘खडाखडी’ त्यानंतर येते. सलामी झाल्यावर दोन्ही मल्ल एकमेकांच्या मनगटांना, मानेला हात घालतात, झटकतात, पुन्हा घालतात. समोरच्याचे बळ किती आणि तोल कोठे आहे याचा अंदाज घेतला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडत नाही, आणि जाणते प्रेक्षक नेमके तेवढेच पाहत असतात. जागावाटपाच्या पहिल्या बैठकांना खडाखडी म्हणणे म्हणूनच अगदी चपखल आहे. ‘चितपट’ म्हणजे पाठ मातीला लागणे. थोड्या मतांनी हरलेला उमेदवार चितपट झाला असे लिहू नये. ‘निकाली कुस्ती’ ही गुणांवर सुटत नाही, तिचा शेवट चितपटानेच व्हावा लागतो. आणि ‘नुरा कुस्ती’ म्हणजे दोघांनी आधीच ठरवून, प्रेक्षकांसाठी खेळलेली लटकी कुस्ती. हा शब्द वृत्तपत्रांत दिसतो तितक्या वेळा तो खरा असतो की नाही, हे मतदारांनी ठरवावे.

याच संदर्भात माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या यात्रेची पत्रिका माझ्याकडे तपासायला आली होती. त्यात ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ असे लिहिलेले होते. मला ते बोलीतले वाटले, म्हणून मी ‘भव्य कुस्ती स्पर्धा’ असे दुरुस्त केले आणि पत्रिका तशीच छापली गेली. यात्रेच्या सकाळी बाहेरगावची तरुण पोरे पिशव्या घेऊन आली आणि “वजन कधी घेणार?” असे विचारू लागली. स्पर्धेत वजनगट असतात, फेऱ्या असतात आणि शेवटी एक विजेता ठरतो. 1961 पासून होणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत तर गादी आणि माती असे दोन विभाग असतात आणि त्या दोन विजेत्यांची लढत गदेसाठी होते. मैदानात यांतले काहीच नसते. तेथे पंच मंडळी तोलामोलाची ‘जोड’ लावतात, प्रत्येक कुस्तीचे इनाम वेगळे असते आणि जिंकलेल्याची पुढची फेरी नसते. त्या यात्रेतील वडीलधाऱ्या वस्तादांनी मला एवढेच विचारले, “मास्तर, मैदानाला मैदान म्हणायला लाज वाटली व्हय?” तेव्हापासून मी तो शब्द बदललेला नाही.

‘ईर्षा’ हा चांगला शब्द की वाईट?

मराठीत तो दोन्हीकडे जातो, आणि हिंदी वाचणाऱ्यांचा गोंधळ येथेच होतो. संस्कृत ‘ईर्ष्या’ म्हणजे दुसऱ्याचे चांगले न पाहवणे, आणि हिंदीत तोच अर्थ चालतो. मराठीत ‘ईर्षेने खेळली’, ‘ईर्षेला पेटला’ असे म्हणताना आपण कौतुकच करीत असतो. अर्थाचे काम सोपे व्हावे म्हणून मी स्वतः जिद्दीच्या अर्थी ‘ईर्षा’ आणि मत्सराच्या अर्थी ‘ईर्ष्या’ लिहितो. हा नियम नाही, सोय आहे. ‘जिद्द’ आणि ‘ईर्षा’ यांतही फरक आहे. जिद्द एकट्याने बाळगता येते. अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीजवळ जिद्द असते, आणि शेजारच्या टेबलावरील मैत्रीण पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाल्याचे कळले की त्या जिद्दीत ईर्षा मिसळते. ‘हेवा’ त्यामानाने सौम्य आहे. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे तोंडावर सांगता येते, ‘मला तुझा मत्सर वाटतो’ हे कोणी सांगत नाही.

प्रतिस्पर्ध्यासाठी दुसरे शब्द कोणते आहेत?

‘प्रतिस्पर्धी’ हा सभ्य शब्द आहे. त्यातील ‘ति’ ऱ्हस्व आणि ‘धी’ दीर्घ लिहावा, आणि प्रत्यय लागला की ‘प्रतिस्पर्ध्याला’ असे रूप होते. ‘विरोधक’ हा मताचा असतो आणि ‘वैरी’ जिवाचा. ‘दावेदार’ हा पदावर हक्क सांगणारा; ‘दावा’ अरबीतून आला आणि मराठीत त्याला हक्क व वैर असे दोन अर्थ मिळाले, म्हणून ‘दावा सांगणे’ आणि ‘दावा साधणे’ यांत कोर्ट आणि काठी यांइतके अंतर आहे.

यांपेक्षा जुने शब्द मात्र घरातलेच आहेत. संस्कृतात प्रतिस्पर्ध्याला ‘सपत्न’ म्हणतात आणि तो शब्द ‘सपत्नी’, म्हणजे सवत, यावरून बनलेला आहे. पुरुषांच्या वैराला नाव देण्यासाठी भाषेला माजघरात जावे लागले. दुसरा शब्द ‘भ्रातृव्य’. पाणिनी एका सूत्रात तो भावाच्या मुलासाठी सिद्ध करतो आणि लगेच पुढच्या सूत्रात तोच शब्द ‘सपत्न’ या अर्थी देतो. बांधावरून दोन पिढ्या कोर्टात गेलेले एखादे घर ज्याने पाहिले आहे, त्याला या दोन सूत्रांमधील अंतर इतके कमी का आहे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपण त्याला ‘भाऊबंदकी’ म्हणतो.

‘शेरास सव्वाशेर’ मधला शेर म्हणजे वाघ-सिंहातला काय?

नाही. हा वजनाचा शेर आहे आणि सव्वाशेर म्हणजे त्यापेक्षा पाव शेर जास्त. फलकावर या म्हणीशेजारी सिंहाचे चित्र छापू नये.

‘गळेकापू स्पर्धा’ आणि ‘उंदरांची शर्यत’ हे प्रयोग चालतील काय?

दोन्ही इंग्रजीतून शब्दशः आलेले आहेत. दुसरा अजिबात चालणार नाही, कारण मराठीतला उंदीर शर्यत लावत नाही, तो धान्य खातो. पहिला बराच रुळला आहे, तरी तो वापरताना विचार करावा. मराठीत ‘केसाने गळा कापणे’ म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याचा घात करणे, म्हणून ‘गळेकापू’ या शब्दात फसवणूक ऐकू येते. बाजारात दर पाडून एकमेकांचा धंदा बसवणाऱ्या दुकानदारांमध्ये फसवणूक असतेच असे नाही. तेथे ‘जीवघेणी स्पर्धा’ किंवा नुसते ‘दरयुद्ध’ म्हणावे. कायद्याच्या मजकुरात मात्र ‘स्पर्धा’ हाच शब्द ठेवावा, कारण 2002 च्या अधिनियमाचे नाव ‘स्पर्धा अधिनियम’ असेच आहे.

सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारेही आहेत. त्यांचे शब्द आपल्या शब्दांशी जुळतात काय?

काही ठिकाणी फार सुरेख जुळतात. पूर्व भागात, जेथे यंत्रमागांची खडखड अजून ऐकू येते आणि घराघरांत तेलुगू बोलली जाते, तेथे स्पर्धेला ‘पोटी’ म्हणतात आणि पैजेला ‘पंदेम’. हा ‘पंदेम’ पैजही असतो आणि शर्यतही, म्हणजे आपल्या ‘शर्यत’ शब्दाने मागे टाकलेली वाट तेलुगूत अजून वहिवाटीची आहे. कन्नडमध्ये ‘स्पर्धे’ आहेच, खेळाच्या सामन्याला ‘पंद्य’ म्हणतात, आणि चढाओढीसाठी ‘पैपोटी’ असा शब्द आहे. उर्दू बोलणारे शेजारी ‘मुकाबला’ म्हणतात आणि तो शब्द मराठीनेही केव्हाच आपलासा केला आहे. शाळेच्या बहुभाषिक फलकावर मराठी मजकुराचे शब्दशः भाषांतर करण्याऐवजी त्या त्या घरातील पालकांना एकदा विचारून घ्यावे.

‘कलगीतुरा रंगला’ याचा अर्थ भांडण असा घ्यावा काय?

आता तसा घेतात, पण मूळ कलगी-तुरा ही शाहिरांची बौद्धिक लढत होती. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत आणि तुरेवाले शिवाला, आणि डफावर थाप देत एकमेकांना कूट प्रश्न घालीत. उत्तर देता आले नाही की हार. ज्या सोलापुरात शाहीर राम जोशी जन्मले, तेथे तरी दोन पुढाऱ्यांच्या शिवीगाळीला हा शब्द वापरू नये, असे माझे मत आहे.

‘निवडणुकीच्या रिंगणात’ आणि वारीचे ‘रिंगण’ यांचा संबंध आहे काय?

शब्द एकच, वर्तुळाच्या अर्थाचा. प्रसंग मात्र उलटे आहेत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात आली की माळशिरस तालुक्यात गोल रिंगण होते. लाखो माणसे मधली जागा मोकळी सोडून उभी राहतात आणि दोन अश्व धावतात, त्यांपैकी एकावर स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्यावर माउली बसलेली आहे अशी श्रद्धा आहे. कोण पुढे गेले हे पाहिले जाते, पण कोण जिंकले असे कोणी विचारीत नाही. लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. म्हणून त्या धावण्याला ‘दौड’ म्हणावे, ‘शर्यत’ म्हणू नये.

सोलापुरातील सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच मानाच्या काठ्यांविषयी, म्हणजे नंदीध्वजांविषयीही असेच विचारले जाते. सात नंदीध्वजांचा क्रम मानाने ठरलेला आहे, त्यामुळे ‘पुढे जाण्यासाठी चढाओढ’ असे लिहिणे चुकीचे ठरते. उंच काठीचा सगळा भार पेलणारा माणूस शेजारच्या काठीकडे पाहत नाही, त्याची नजर आपल्या काठीच्या शेंड्यावर असते. तेथे लिहायचे क्रियापद ‘पेलणे’ हे आहे.